गोठ्याच्या फळ्या, गाडीचं चाक आणि न आलेली चिमणी

एका ताईंनी विचारलं आहे: जुना गोठा उतरवला. त्यातून सागाच्या फळ्या, थोडे वासे, पन्हाळी पत्रे, बैलगाडीचं एक चाक, नांगराचे दोन फाळ, गळक्या बादल्या आणि डब्यांचा ढीग निघाला. यातून पक्ष्यांसाठी घरं आणि बागेत मांडायच्या वस्तू करायच्या आहेत. हौसेने दोन घरं केलीही, एक पत्र्याच्या डब्याचं, एक फळ्यांचं. दोन्हींना समोर बसायला दांडी, आतून-बाहेरून हिरवा ऑइलपेंट. वर्ष झालं, एकही पक्षी फिरकला नाही. काय चुकलं, आणि उरलेल्या मालाचं काय करू?

ताई, घरांचं पुढे बोलू. त्यांतली चूक सोपी आहे, एक घर तर वाचणारही आहे. ढिगात मात्र अशी एखादी वस्तू असू शकते, जी एकदा कापली की झालेलं नुकसान भरून निघत नाही. म्हणून इतक्या वर्षांत माझा एकच हट्ट टिकून आहे. तुकडा आधी कुठे होता आणि त्याला काय काय लागलं होतं, हे कळेपर्यंत त्याला करवत लावायची नाही. ज्या फळीचा मागचा ठावठिकाणा लागत नाही ती माझ्याकडे बागेच्या मांडणीत जाते, पक्ष्याच्या घरात कधीच नाही.

गोठा तुमच्याच डोळ्यांसमोर उतरला असेल तर निम्मं काम झालंय. कुठली फळी कुठून निघाली ते आठवून खडूने तिच्यावर लिहून ठेवा. माळ्याच्या आणि आढ्याजवळच्या फळ्या सगळ्यात चांगल्या. त्यांनी धूर आणि धूळ सोडून काही पाहिलेलं नसतं. वर्षानुवर्षं सुकून त्यांचं आकसणं-पिळणं संपलेलं असतं. नव्या लाकडाचं घर पहिल्या दोन ऋतूंत वेडंवाकडं होतं, तसं यांचं होत नाही. गव्हाणीच्या काठाची फळी गुरांच्या माना आणि जिभा घासून अशी गुळगुळीत झालेली असते की तसा गोलवा रंध्याने काढता येत नाही. ती कापू नका, अखंड वापरा, बाकाला किंवा शेल्फला. जमिनीलगतच्या फळ्यांत मात्र गोमूत्र मुरलेलं असतं. कोरड्या हवेत काही कळत नाही, पहिला पाऊस पडला की वास परत येतो आणि त्यातले क्षार स्क्रू खाऊन टाकतात. त्या वाफ्याच्या कडेला लावा, तिथे त्या कुजल्या तरी कामीच येतील.

आता बाजूला काढायचा माल. वाळवी लागू नये म्हणून जुन्या माणसांनी वाशांना गाडीचं जळकं तेल किंवा डांबर फासलेलं असतं. हाताला काळं लागतंय किंवा उन्हात ठेवल्यावर तेलकट वास येतोय, तर ते लाकूड घरट्याला बाद. कुंपणाच्या खांबांना हिरवट झाक असेल तर ते बहुधा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या क्षारांनी मुरवलेले असतात. ते कापू नका, घासू नका आणि चुलीत तर अजिबात घालू नका, आर्सेनिक राखेत आणि धुरात उतरतं. जुन्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. असा रंग कोरडा घासला की त्याची पूड श्वासातून आत जाते आणि लहान मुलांना त्याचा सर्वांत जास्त त्रास होतो. पोपडे आलेलं ते दार सुंदर दिसतं हे मला मान्य आहे, मीही अशा दारांच्या प्रेमात पडलोय. पण त्याचे पोपडे वाफ्यातल्या मातीत गळत राहतात, आणि भाजी तिथूनच ताटात येते.

कीटकनाशकाचे डबे आणि कॅन धुऊन वापरता येतात, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तीनदा धुण्याची पद्धत आहे ती ते नष्ट करण्याआधीची. त्यात कुंडी लावण्यासाठीची नव्हे. आणि पन्हाळी पत्र्यांमध्ये राखाडी, जाड, ठोकल्यावर खणखण न वाजणारे सिमेंटचे पत्रे मिसळलेले असतील तर ते जुने असल्यास त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं असंच धरून चाला. ते फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत, भोकही पाडायचं नाही. पाणी मारून अखंड उचलायचे आणि असा माल रीतसर नेणाऱ्यांकडे सोपवायचे.

पॅलेटच्या, म्हणजे माल रचून ठेवायच्या लाकडी पाटाच्या, फळ्या मिळाल्या तर त्यांच्यावर भाजून उमटवलेला शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही अक्षरं असतील तर लाकूड आतपर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं आहे, बिनघोर घ्या. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, सोडून द्या. शिक्का आहे पण फळीवर कसलासा डाग पडलाय, तरीही सोडा. शिक्का फक्त कीड मारल्याचं सांगतो, त्या पॅलेटवरून नंतर काय सांडत गेलं ते नाही.

खिळ्यांचं काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या सगळ्यात आवडीचंही तेच. जुन्या सागातला खिळा सरळ उपटायला गेलं की डोकं तुटून हातात येतं आणि दांडी आत राहते. त्याला आधी मागून, टोकाच्या बाजूने, हलकेच दोन ठोके द्यायचे. गंजाची पकड सुटते तेव्हा एक बारीक ‘टिच्’ असा आवाज येतो. तो आला की मग हातोडीचे कान डोक्याखाली सरकवायचे आणि हातोडीखाली लाकडाची एक चपटी ढलपी ठेवायची, म्हणजे फळीवर वळ उठत नाही. खिळा करकरत, कुरकुरत वर येतो. वाकडा निघाला तरी फेकू नका, फळीवरच्या जुन्या भोकांत नंतर खुंटी म्हणून शोभेला बसवता येतो. सगळे खिळे निघाले असं वाटल्यावर एक जाडसर लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून फिरवा. मी हे करायचा आळस केला आणि रंध्याच्या पात्याला असा खाचा पडला की ते पातं सहाणेवर सरळ करता करता अख्खी दुपार गेली.

खिळ्याचा ओरखडा उठला तर ‘गंजलेला होता का?’ असं सगळे विचारतात. धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जिवाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, आणि गोठ्याच्या मालाला या दोन्हींचा शेजार जन्मभराचा. चकचकीत नवा खिळासुद्धा त्या जमिनीवर पडलेला असेल तर तितकाच धोक्याचा. लस घेऊन दहा वर्षं होत आली असतील तर काम सुरू करण्याआधी घेऊन टाका. जखम खोल आणि मळकी असेल तर लस घेऊन पाच वर्षं झाली असली तरी डॉक्टर पुन्हा घ्यायला सांगतात.

आता चिमणी का आली नाही.

आपल्याला जे गावरान, जुनं, देखणं वाटतं त्याच्याशी पक्ष्याला काही देणंघेणं नाही. त्याला हवी एक कोरडी, अंधारी, थंड पोकळी, आणि स्वतःला शिरता येईल पण दुसऱ्याला शिरता येणार नाही एवढं भोक. मुळात सगळेच पक्षी पोकळीत राहत नाहीत. बुलबुल, शिंपी, सुगरण, होला, सूर्यपक्षी यांच्यासाठी कितीही सुबक पेटी केली तरी ते तिच्यात शिरणार नाहीत, त्यांचं घरटं त्यांचं ते बांधतात. तुमच्या पेटीत येण्याची सर्वांत जास्त शक्यता चिमणीची, मग वल्गुलीसारखे छोटे पक्षी, आणि भोक व पेटी मोठी केली तर साळुंकी किंवा दयाळ. चिमणीला भोक ३२ मिलिमीटर व्यासाचं लागतं, वल्गुलीला २८ पुरतं. ३२ च्या भोकातून साळुंकीला आत शिरता येत नाही, हाच त्या मापाचा फायदा. ‘जरा ऐसपैस’ म्हणून ४५ चं भोक पाडलंत तर चिमणीच्या नावाने बांधलेलं घर साळुंकी बळकावते.

आणि ती दांडी काढा. चिमणीला भोकाच्या कडेला पंजांनी लटकून आत शिरणं अगदी सोपं जातं, दांडीची गरज तिला कधीच नसते. ती गरज असते कावळ्याला आणि मांजराला. त्यांना पिल्लांवर झडप घालायला तिथे पाय टेकवायची जागा मिळते. दुकानातल्या शोभेच्या पेट्यांना दांडी असते ती गिऱ्हाइकासाठी.

पत्र्याचा डबा तर तुम्ही पक्ष्यासाठी भट्टी म्हणून टांगलात. पत्रा ऊन लागताच तापतो आणि रात्री तितक्याच वेगाने गार पडतो. अंडी आणि उघडी पिल्लं दोन्ही सोसू शकत नाहीत. लाकूड किमान १५ मिलिमीटर जाड हवं, गोठ्याच्या जुन्या फळ्या साधारण २० ते २५ भरतात, म्हणजे तुमच्याकडे नव्या बाजारी फळीपेक्षा चांगला माल पडून आहे.

एका घराला २ सेंटिमीटर जाडीची, १५ सेंटिमीटर रुंदीची दीड मीटर फळी पुरते. पाठीला ३७ सेंटिमीटर, म्हणजे वर-खाली पाच-पाच सेंटिमीटर बाहेर राहतात आणि तिथून ती भिंतीला ठोकता येते. दोन्ही बाजूंसाठी ४९ चा एकच तुकडा कापा. त्याच्या एका कडेवर २७ ला आणि दुसऱ्या कडेवर २२ ला खूण करून तिरका काप घ्या, दोन्ही बाजू एका कापात तयार होतात, मागे २७ आणि पुढे २२, छपराचा उतारही आपोआप मिळतो. दर्शनी फळी २२, तळ ११, आणि छप्पर २४. तळ बाजूंच्या मधे बसतो. तो अगदी खालच्या कडेशी न बसवता अर्धा सेंटिमीटर वर बसवा, नाहीतर पावसाचं पाणी कडेवरून आत शोषलं जातं. तळाच्या चारही कोपऱ्यांत ६ मिलिमीटरची भोकं पाडा. बाजूंच्या वरच्या टोकाला, छपराच्या अगदी खाली, दोन भोकं हवेसाठी. फळ्यांच्या रेषा उभ्या राहतील असं बघा, पाणी रेषेवरून घसरून जातं.

दर्शनी फळीवर खालच्या कडेपासून १७ सेंटिमीटरवर भोकाचा मध्य धरा. म्हणजे आतल्या तळापासून भोकाची खालची कड १३ सेंटिमीटरच्या आसपास राहते आणि मांजराचा पंजा आत घातला तरी घरट्यापर्यंत सहज पोचत नाही. भोक आधी पाडा, फळी नंतर कापा. लहान तुकड्यात होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) घातला की जुना साग भोकाच्या वरून सरळ तडकतो. खिळे-स्क्रूंसाठीही आधी बारीक ड्रिलने वाट करून घ्या. बाभळीची फळी असेल तर याला पर्यायच नाही, तिच्यात खिळा शिरण्याऐवजी वाकतो.

माझ्याकडून झालेली चूक इथे सांगतो. सुरुवातीच्या काळात मला फळीला आतूनही रंधा मारायची सवय होती. खरबरीत माल ग्राहकाला कसा द्यायचा, असा सुताराचा अभिमान. एका घरात चिमण्यांनी वीण केली. हंगाम संपल्यावर साफ करायला बाजू उघडली, तर घरट्याच्या वर, दर्शनी फळीला टेकून, पिसं पूर्ण फुटलेलं एक पिल्लू वाळून पडलं होतं. फळीवर नखांचे ओरखडे होते, भोकापर्यंत न पोचलेले. उडायच्या दिवसाला पिल्लाला आतून चढून भोकाशी यावं लागतं आणि मी त्याला काच चढायला लावली होती. तेव्हापासून दर्शनी फळीची आतली बाजू मी करवतीने जशी निघेल तशीच ठेवतो, वर पटाशीने एकेक बोटाच्या अंतरावर आडव्या खाचा मारतो. गोठ्याच्या फळीची वाऱ्या-पावसाने खडबडीत झालेली बाजू असेल तर तीच आत घ्या. जुन्या मालाचं सगळ्यात सुंदर अंग आत जातं म्हणून जीव थोडा हळहळतो, तेवढं सोसावं.

आत रंग, वॉर्निश, तेल काही नको. बाहेर मात्र तुम्हाला हवी ती हौस करा. मी दरवाजासाठी एका बाजूची फळी मोकळी ठेवतो: वर दोन्ही कडेने एकेक खिळा समोरासमोर मारला की तेच बिजागरी होतात, आणि खाली जुन्या पेटीचा कडी-कोयंडा. भोकाभोवती खारीने कुरतडू नये म्हणून लोखंडी चकती लागतेच. मग ती नवी कोरी कशाला? जुना मोठा वॉशर, बैलगाडीच्या साटीवरची पट्टी, असं काही ३२ चं भोक पाडून बसवा. भोकाची आतली कड कानशीने मऊ करायला विसरू नका. छपराच्या मागच्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकली की पाणी आत झिरपत नाही. पन्हाळी पत्रा छपराला हवाच असेल तर आधी लाकडी छप्पर, त्यावर दोन बारीक रिपा, आणि रिपांवर पत्रा. मधून हवा खेळली की ताप खाली उतरत नाही. पत्र्याच्या कडा मुडपून घ्या, हातही वाचतात आणि पंजेही.

गॅल्व्हनाइझ्ड पत्रा वेल्ड करायला किंवा गॅसने तापवायला जाऊ नका. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. रिव्हेट मारा, स्क्रू मारा, आमचं काम तेवढ्यावर भागतं.

घर कुठे लावायचं यावर माणसं मापांपेक्षा कमी विचार करतात. दुपारनंतरचं ऊन तोंडावर येणार नाही आणि पावसाची झड भोकात शिरणार नाही, अशी बाजू शोधा. उष्ण प्रदेशात पूर्व किंवा उत्तर बरी. जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंचीवर, छपराखालच्या भिंतीवर, पुढे किंचित झुकतं. झाडावर टांगून हलणाऱ्या घरापेक्षा भिंतीला पक्कं बसवलेलं घर चिमणीला रुचतं. चिमण्या वस्तीने राहणाऱ्या, त्यामुळे एकाच भिंतीवर दोन-तीन घरं थोड्या अंतराने लावली तर येण्याची शक्यता वाढते. दाणे घालायची जागा घराला लागून नको. तिथली वर्दळ विणीच्या जोडीला नकोशी होते, आणि सांडलेल्या दाण्यांवर उंदीर आले की मागोमाग साप येतो. सगळं बरोबर करूनही पहिलं वर्ष रिकामं जाऊ शकतं. जागा बदलायची घाई करू नका.

आता चाक. गाडीच्या चाकाचं लाकूड आणि लोखंड यांचं नातं एकदा समजून घ्या. लोहार धाव, म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं, तापवून फुगवतो, लाकडी घेरावर चढवतो आणि पाणी ओततो. धाव आकसून आरे आणि मधला तुंबा असे आवळते की चाकाला खिळ्याची गरज राहत नाही. चाक वापरात असेपर्यंत ओढ्या-चिखलातून जात लाकूड ओलं-फुगलेलं राहतं. बागेत उन्हात मांडलं की ते सुकतं, आकसतं, धाव सैल पडते आणि एक दिवस घरंगळून पायावर येते. म्हणून मांडायच्या आधी धावेतून लाकडात चार ठिकाणी स्क्रू घ्या. धावेला भोकं पाडायला कोबाल्टची ड्रिल लागते, हळू फिरवा आणि तेलाचा थेंब टाकत राहा. चाक मातीत अर्धं गाडून ठेवायची पद्धत आहे, फोटोत छान दिसतं. दोन पावसाळ्यांत जमिनीच्या रेषेवर कुजून ते बसतं. खाली दोन सपाट दगड ठेवून त्यावर उभं करा, मागे लोखंडी गज ठोकून तारेने बांधा. वेल चढवायची असेल तर हलकी चढवा. मधुमालतीसारखी वजनदार वेल वाऱ्यात चाकच ओढून पाडते.

लाकडाला जवसाचं तेल द्या. कच्चं तेल असेल तर पातळ हाताने, पुसून घेत, आणि दोन हातांमध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या. जाड थर दिला तर ते चिकट राहून धूळ धरतं. आणि एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा: तेलाच्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडून फडकं आपोआप पेटतं. ही ऐकीव भीती नाही, माझ्या सहकाऱ्याच्या शेडमध्ये सकाळी कचऱ्याच्या पिंपातून धूर येत होता आणि पिंप पत्र्याचं होतं म्हणून शेड वाचली. फडकी दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

फाळ, कुळवाची फास, विळे, खुरपी या लोखंडी मालाचा गंज पूर्ण काढून चकाकी आणू नका, दुकानातून आणल्यासारखं दिसतं. पोलादी ब्रशने सुटा गंज झाडा, मग हिरड्याचा किंवा बाभळीच्या सालीचा दाट काढा गाळून, थंड करून ब्रशने लावा. त्यातलं टॅनिन गंजाशी संयोग पावून निळसर काळा, घट्ट थर तयार होतो. बाभळीच्या फळीवर खिळ्याभोवती जो काळा डाग पडतो तो याच रसायनाचा. तिथे तो आपल्याला नको असतो, इथे हवा असतो. दोन-तीन हात द्या, वाळल्यावर मेणाचा हात. पावसात उघड्यावर असेल तर दरवर्षी मेण पुन्हा लावावं लागतं. दोन फाळ टोकं वर करून एका वाशावर बसवले की भिंतीवर कंदील-कुंड्या अडकवायचे आकडे होतात, मात्र टोकं डोळ्यांच्या उंचीच्या वर राहू द्या किंवा कानशीने बोथट करा.

तिफणीचं चाडं, म्हणजे पेरताना बी सोडायचं लाकडी भांडं, कुठे सापडलं तर ते कापू नका, रंगवू नका, त्याच्यात झाड लावू नका. कोरीव लाकूड आहे. आडोशाला, कोरड्या जागी ठेवा, तेवढं पुरे.

गळक्या बादल्यांना तळाला पाच-सहा भोकं आणि खाली विटेचे तुकडे, झाली कुंडी. घमेल्यात पाणी ठेवलंत तर पक्ष्यांची अंघोळ होते. पाणी कडेला बोटभर आणि मधे चार-पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नको, एक खडबडीत दगड मधे ठेवा, आणि पाणी रोज बदला. डासांना अंड्यापासून उडेपर्यंत उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवसच लागतात.

काटेरी तार सजावटीला गुंडाळायचा मोह टाळा, आणि नायलॉनचे दोरे, जाळ्यांचे तुकडे तर अंगणात सुटेच ठेवू नका. चिमण्या ते घरट्यात नेतात आणि पिल्लांच्या पायाला त्याचा फास बसतो. सुतळी, काथ्या चालतो, तोही बोटभर लांबीचे तुकडे करून.

राहिली तुमची दोन घरं. डब्याचं काढून त्याला तळाला भोकं पाडा, कुंडी होईल, हिरवा रंगही शोभेल. फळ्यांचं वाचवता येईल. आतला रंग रंध्याने काढू नका, त्याची पूड होते. दर्शनी फळी आणि तळ बदलून टाका, नव्या दर्शनी फळीला ३२ चंच भोक पाडा आणि दांडी लावूच नका. तळाच्या जुन्या फळीला पाणी जायला भोकं नसणार, आणि रंगाचा सर्वांत जास्त संबंध घरट्याशी याच दोन फळ्यांवर येतो. बाजूंना आतून रंग न लागलेल्या सागाच्या पातळ फळीचं अस्तर मारा. जागा दोन्हीकडून सेंटिमीटरभर कमी होईल, तेवढी चालते. अस्तर आणि फळी यांच्यात फट राहू देऊ नका, झुरळं आणि पिसवा तिथेच घर करतात. काम विणीचा हंगाम नसताना करा. दरवर्षीही हंगाम संपल्यावर जुनं घरटं काढून आत उकळतं पाणी ओता, पूर्ण सुकू द्या आणि मगच बाजू बंद करा. कीटकनाशक, डांबरगोळ्या काही नको.